मागच्या गिऱ्हाइकाची बाही

३ जून, मंगळवार
आमच्या शिलाई कारखान्याची साइट आजपासून पळायला लागली. पूर्वी गिऱ्हाइकाने मापांचा फॉर्म भरला की प्रोग्रॅम दरवेळी नव्याने सुरू व्हायचा, म्हणून उशीर. आता तो एकदाच सुरू होतो आणि सर्व्हरवर जागाच राहतो. सगळी मापं मी फाइलच्या माथ्यावर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅमच्या सामाईक कप्प्यांत, ठेवली आहेत. कुठूनही हाताला लागतात. पुस्तकात लिहिलंय, असं करू नये. पण ते निष्काळजी लोकांसाठी.
शंभर फॉर्म स्वतः भरून तपासले. एकही रकाना रिकामा सोडला नाही. तो माझा स्वभावच नाही.

५ जून
मॅनेजरबाई खूश. रकाना रिकामा राहिला की कटिंगच्या कागदावर ‘फोन करून विचारा’ असं छापून यायचं. दिवसाला दहा-बारा. परवापासून एकही नाही. साइट चटपटीत असली की माणसंही शिस्तीत वागतात.
बाबांना फोनवर सांगितलं. घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच. आता ते गल्लीभर सांगणार.

९ जून, सोमवार
एका बुटक्या बाईंचा शर्ट परत आला. बाही बोटांच्या खाली वीतभर. म्हणतात, बाहीचं माप दिलंच नव्हतं. मॅनेजरबाईंनी कटिंग मास्तरांना विचारलं, आकडे नीट दिसतात ना? ते म्हणाले, कागदावर होतं तेच कापलं. कागद रद्दीत गेलेला.
तीस वर्षं कापतायत बिचारे. वय होतं माणसाचं.

१० जून
आणखी दोन शर्ट परत. जेवणाच्या सुट्टीत, नुसती मनाची खात्री म्हणून, एक रकाना रिकामा ठेवून फॉर्म पाठवला. कागदावर आधीच्या गिऱ्हाइकाची बाही छापून आली.
प्रोग्रॅम जागा, म्हणून मागच्याचं माप ग्लोबलमध्ये तसंच पडून राहतं. पुढच्याने काही भरलं तरच बदलतं. बुटक्या बाईंच्या आधी एक बास्केटबॉलवाला होता.
निश्चय: आधी दुरुस्ती, मग कबुली. नुसती चूक घेऊन कुणापुढे जाऊ नये.

११ जून
ग्लोबल एकूण अकरा. वहीत यादी केली. गिऱ्हाईक गेलं की एकेक पुसायचा, आई उष्टं ताट विसळते तसा. खरं म्हणजे प्रत्येकाची मापं त्याच्यापुरतीच जन्मावीत आणि त्याच्याबरोबर संपावीत. पण मग एक ओळ वाढवून भागणार नाही, अख्खी फाइल बदलावी लागेल, आणि का बदलली हे मॅनेजरबाई विचारतील.
मॅनेजरबाईंनी मास्तरांना डोळे तपासायला पाठवलं. मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता नीट समजावून सांगितला. तेवढं तरी केलं.

१३ जून
कॉलर पुसायची राहिली होती. एका पैलवानाला शाळकरी मुलीची कॉलर गेली. आता यादी पाठ केली आहे.

१६ जून, सोमवार
डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम. मास्तर त्याने जास्तच घाबरले. डोळे शाबूत, म्हणजे डोकं गेलं, असं त्यांना वाटतंय. आता प्रत्येक आकडा दोनदा मोठ्याने वाचतात. माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतं.
बाबांना सांगितलं, कामात काहीतरी चुकलंय.
“कम्प्युटर बिघडला असेल. तू कशी चुकशील?”
मी नाही म्हटलं नाही.
कबुलीचं पत्र लिहायला घेतलं. भाषा अजून जमत नाही.

१८ जून
पुसायची ओळ सगळ्यात शेवटी आहे. जो फॉर्म अर्ध्यावर सोडून जातो, त्याच्यासाठी प्रोग्रॅम तिथवर पोचतच नाही, आणि त्याची मापं पुढच्याला जातात. चार शर्ट परत.
मॅनेजरबाईंनी मास्तरांना सोमवारपासून बटणांच्या टेबलावर बसायला सांगितलं. ते फक्त बरं म्हणाले. संध्याकाळी आपली कात्री फडक्यात गुंडाळत होते. मी पत्रातला एक स्वल्पविराम बदलला.

२० जून, शुक्रवार
सकाळी पत्र न घेताच कटिंगच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चूक माझ्या प्रोग्रॅमची, म्हणजे माझी, आणि दहा तारखेपासून मला ठाऊक होती. मॅनेजरबाई म्हणाल्या, मास्तर इथेच राहतील.
मास्तरांनी बुटक्या बाईंचा शर्ट मागितला. सर्व्हरच्या नोंदीतून त्या शर्टाचा कटिंगचा कागद मी पुन्हा छापून दिला. त्यांनी बाहीला टेप लावली, कॉलरला लावली, छातीला लावली. दरवेळी कागद बघून म्हणाले, “बरोबर.” सगळे उभे होते.
नंतर मी अकराही व्हेरिएबल वरून काढले आणि जिथे फॉर्म वाचला जातो तिथे आत नेले. मास्तर पाठीमागे उभे राहून बघत होते. झालं का, विचारलं. झालं म्हटलं.
“किती वेळ लागला?”
“वीस मिनिटं.”
“मग इतके दिवस का थांबलीस, पोरी?”
काही काम उरल्यासारखी मी कीबोर्डवर बोटं ठेवली. ते उभेच राहिले.