कोरडा पुठ्ठा

हट्टा, रविवार, दिवेलागण

गाडीचा रेडिएटर शेवटी मीच बदलला, अंगणातच. जुना उतरवला तर आतून पिवळं पाणी आलं. हळद! चार महिन्यांपूर्वी बायकोला लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला पाठवायचं होतं. स्टेशनच्या वाटेवर रेडिएटर गळून गाडी तापली, तेव्हा तिनंच लेकीसाठी नेत असलेली मूठभर हळद आत टाकली. "बोट कापलं की हळदच दाबता नं? मंग हिला काहून न्हाई चालत?" गाडी बराबर स्टेशनापर्यंत गेली. पुढं गळती परत सुरू झाली, बायको काही परत आली न्हाई. लेकरू लहान आहे म्हणे.

नवा बसवून पाणी भरलं. नळीपाशी थेंब दिसला, क्लिप आवळली. खाली पुठ्ठा अंथरून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, तीनदा वाकून पाहिलं. पुठ्ठा कोरडा. खूश व्हायला पाहिजे होतं मी. काहून झालो न्हाई?

मग तिचा फोन आला. रोज पहिलं हेच विचारते, गाडीत पाणी टाकलं का. त्यावरून बोलणं सुरू होतं, मग माझ्या जेवणावर येतं, तिच्या गुडघ्यावर येतं. एरवी लग्नाला तीस वर्षं झाल्यावर आमी काय बोलणार?

"बदलला का हो? थांबली गळती?"

पुठ्ठा समोरच होता, कोरडाठाक.

"न्हाई गं. थेंब थेंब गळूनच राहिलंय."

"बरं, उद्या विचारते."

फोन ठेवला आणि तांब्यातलं थोडं पाणी पुठ्ठ्यावर शिंपडलं. अगदीच खोटं नको.