डावीकडं काय आहे

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार

लायसन आलं. पोस्टमननं सही घेतली आणि विचारलं, "मुलीचं का?" म्हटलं, माझंच. वय वर्षं चौपन्न. फोटोत घाबरलेली दिसते — होतेच.

हे ओट्यावर बसले होते. कार्ड हातात दिलं. आधी डोळ्यांजवळ धरलं, मग लांब, मग हळूहळू सरकवत एकेक अक्षर वाचलं. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस बायकोचं लायसन असं तुकड्यातुकड्यानं वाचतो! काचबिंदू. दोन्ही बाजूंचं गेलंय. समोरचं उरलंय ते नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं जपा."

कार्ड परत देताना म्हणाले, "बरं झालं. आता मला जंगल दाखव."

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत.

"कन्नडचा घाट कितीदा चढलो, कितीदा उतरलो, हिशेब नाय. पण झाड म्हणून एक पाह्यलं नाय. डायवरची नजर डांबरावर. मागं पोरं वराडायची, वांदर बघ, वांदर बघ. मी आपला आरसा बघायचो."

उरलेलं किती दिवस टिकेल ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

१८ सप्टेंबर, बुधवार

मोनिकाचा पुण्याहून फोन. "मम्मी, घाटात तू? पप्पांना बाजूला बसवून? काही गरज आहे का?"

म्हटलं, आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

म्हैसमाळला जाऊन आलो. हात अजून दुखतायत, इतकं घट्ट स्टेअरिंग धरलं होतं.

खुलताबादपर्यंत ठीक. पुढं चढ लागला. तिसऱ्या वळणावर समोरून जीप आली, मी ब्रेक दाबला, गाडी बंद पडली आणि मागं घरंगळायला लागली. मला काही सुचेना. ह्यांचा हात आपोआप हँडब्रेकवर गेला. बघावंही लागलं नाही त्यांना. गाडी थांबली. मागं कुणी नव्हतं, देवाची कृपा.

मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले. आता ओरडतील असं वाटलं. शिकवताना मोकळ्या मैदानात एवढे ओरडायचे! पण आज आवाज एकदम खाली.

"पाय थरथरतेत?"

"हो."

"थरथरू दे. क्लच अर्धा सोड. गाडी कुरकुरली का थांब. ऐकू आलं? आता मी ब्रेक सोडतो. रेस दे थोडी."

चढली.

वर पठारभर पिवळं. देवीच्या देवळापासून कड्यापर्यंत सपाट पायवाट आहे, शाळेची पोरंसुद्धा जातात. मी ह्यांचा दंड धरला तर झटकला. "म्हातारं समजती का?" मग स्वतःच मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसं चाललो. जरा वेळानं विचारलं, "डावीकडं काय हाय?"

"फुलं."

"फुलं म्हंजे?"

जन्मभर ब्लाऊज शिवले, पण फूल कसं सांगायचं ते कधी शिकले नाही. म्हटलं, पिवळी. शर्टाच्या बटणाएवढी. दाट, मधे बोट घालायला जागा नाही. वाऱ्यानं सगळी एकाच बाजूला कलतात, मग परत उभी राहतात.

ते मान वळवून वळवून बघत राहिले. नळीत मावतील तेवढी.

२९ सप्टेंबर, रविवार

गौताळा. पहिल्यांदा.

पहाटे निघालो. वेरूळपर्यंत धुकं, मग ऊन. कन्नडहून आत वळलं की शेतं विरळ होतात आणि वनखात्याची चौकी लागते. खाकी कपड्यातली एक मुलगी वही घेऊन आली. नाव, गाव, गाडीचा नंबर. नाव लिहिता लिहिता थांबली आणि खिडकीतून आत वाकली.

"बिभीषणमामा ना? चाळीसगाव गाडी?"

हे आवाजाच्या दिशेनं बघायला लागले. ती म्हणाली, "मी अंबिका. फाट्यावरून कॉलेजला यायचे, सातच्या गाडीनं. मला उशीर झाला की तुम्ही टायर बघायला खाली उतरायचे."

हे हसले. "टायरला काय बी झालं नव्हतं."

"माहितीय मामा. रोज कुणाचा टायर खराब होतो?"

तेहतीस वर्षं संसार झाला. हे कधी मला सांगितलं नव्हतं. डबा उशिरा झाला म्हणून मात्र रोज बोलणी खाल्ली!

तलावाच्या कडेनं चाललो. फार नाही, अर्धा तास. पाण्यावर डोंगर उलटा पडलेला. एक धीवर पक्षी तारेवरून सूर मारत होता. मी "तो बघा" म्हणेपर्यंत पाण्यात. चौथ्यांदा ह्यांना सापडला. केवढा आनंद झाला त्यांना! ड्युटीवरच्या गोष्टी सांगतानाही असा चेहरा होत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

दिवसभर कंबर धरलेली. पण तीन ब्लाऊज पुरे केले.

६ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा गौताळा. अंबिकाची सुट्टी होती, तरी आली. म्हणाली, चंदन नाल्याकडं नेते, वाट सोपी आहे, मामांना जमेल.

आतला रस्ता मी एकटीनं पार केला म्हणायला हरकत नाही. हे फक्त एका वळणावर "हॉर्न" म्हणाले. मी आधीच वाजवला होता.

वाटेत अंबिका झाडं सांगत होती. सलईचं खोड कागदासारखं सोलतं. धावड्याचं खोड पांढरट. मग एका झाडाखाली हे स्वतःच थांबले, वर हात केला, फांदी वाकवली आणि पान बोटांत फिरवलं. डोळे मिटलेले.

"अंजन."

अंबिका बघतच राहिली. "कसं ओळखलं?"

"जोडपान असतंय. मेंढ्याच्या खुरावानी. आमचा बाप, खंडेराव, फुलंब्रीकडून मेंढरं घेऊन ह्या डोंगराच्या पायथ्याला यायचा. मी धा वर्षाचा व्हईपतोर संगं. अंजनाचा पाला तोडून टाकला का मेंढरं तुटून पडायची."

"माझा आजा बी मेंढरंवालाच," अंबिका म्हणाली. "आता एक बी नाय राहिलं आमच्यात. सगळे मजुरीला नाय तर नोकरीला."

मग ते दोघं पुढं आणि मी मागं. कुठल्या पाल्यानं मेंढीला हागवण लागते, कुठला गाभणीला चालत नाही. मला काही कळत नव्हतं, पण ऐकायला गोड वाटत होतं. ह्यांचा हात आज अंबिकाच्या खांद्यावर. तिनं तो सहज घेतला, जसा काही तिच्या बापाचाच.

नाल्याला पाणी होतं. पाय सोडून बसलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. वानरांच्या टोळीनं वरून सगळं बघून घेतलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

डोळ्यांच्या थेंबांची बाटली उचलली तर जड लागली. उघडून महिना होत आला, तरी बाटली अर्धी!

विचारलं. आधी "टाकतो की". मग "कधीमधी राहतंय".

मी खूप बोलले. बोलू नये तेही बोलले — आंधळं व्हायचंय का, मग माझ्या जिवाला घोर, मी एकटी कुठं कुठं पुरू. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "थेंब टाकलं का तासभर समदं धुकट व्हतंय. मला जंगल साफ पाह्यचं व्हतं."

"पण रोज कुठं जंगलात जातो आपण?"

"येकदा सुटलं का सुटतंय. सवय मोडली."

मी शिलाईला बसले. सुईत दोरा जाईना. माझे डोळे चांगले आहेत, तरी जाईना.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून थेंब मी टाकणार. सकाळी, रात्री. जंगलाच्या दिवशी पहाटे पाचला टाकायचे, म्हणजे तिथं पोचेपर्यंत धुकं निवळतं. ही युक्ती त्यांचीच. पुढच्या वेळी डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं, हेही कबूल केलंय.

२० ऑक्टोबर, रविवार

आज कन्नडचा घाट. त्यांचा घाट!

मला भीती होती की हे मला गाडी चालवू देणार नाहीत, तोंडानं तेच चालवतील. सुरुवातीला तसंच झालं. "आता उजवं वळण, मग छोटा पूल, मग दरी डाव्या अंगाला." डोळे मिटून सांगत होते आणि सगळं तसंच येत होतं. मधे एका रुंद जागेवर मी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, "इथं का?"

"इथं तुम्ही कधी थांबलात?"

"नाय. येळेत पोचायचं असतंय."

उतरलो. खाली खानदेश पसरलेला. शेतं, एखादं तळं, लांबवर निळसर. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. मी डावीकडून सुरुवात केली आणि उजवीकडं संपवलं, काही सोडलं नाही. पाऊण तास उभे होतो. मागून गाड्या जात होत्या.

परत चढताना मी "पुढचं वळण कुठलं?" विचारलं आणि बघितलं तर मान खिडकीला टेकलेली. झोपले होते. घाटात! दुसऱ्याच्या गाडीत ह्यांना कधी डोळा लागत नाही. लग्नाच्या बसमधेसुद्धा रात्रभर ड्रायव्हरच्या मागं जागे बसायचे.

मी गाडी अजून सावकाश घेतली.

३ नोव्हेंबर, रविवार

मोनिका दिवाळीला आलीय चार दिवस. घर भरलं. तिनं एक कपबशी फोडली, दाराला खांदा आपटून घेतला. मी ओरडले, फोनमधून डोकं काढ. उद्या तिला गौताळा दाखवणार. म्हणते, "मम्मी, तू चालवणार? मी मागं बसते, डोळे मिटून."

४ नोव्हेंबर, सोमवार

कुठून लिहू? सरळ लिहिते.

सकाळ छान गेली. मोनिका माझ्या चालवण्यावर एक शब्द बोलली नाही. चौकीवर उतरल्यावर फक्त म्हणाली, "मम्मी, भारी." अंबिका भेटली. दोघींचं लगेच जमलं, जवळपास एकाच वयाच्या.

नाल्याच्या वाटेनं निघालो. मोनिका पुढं, तिच्या खांद्यावर ह्यांचा हात. मागं आम्ही दोघी. थोडं गेल्यावर मोनिकाचा डावा पाय दगडाला लागला. हसली. मग डावीकडून करवंदीची फांदी तिच्या गालाला ओरबाडून गेली. अंबिका पुढं जाऊन तिच्या डाव्या बाजूनं काही बोलली, तर ही दचकली. "तू कधी आलीस?"

हे थांबले.

"मोने, थांब जरा. त्या सागाकडं बघ. मान हलवू नको. उजवा डोळा झाक."

"पप्पा, काय हे?"

"झाक म्हणतो ना. माझा हात दिसला का सांग."

तिच्या मागं उभे राहून हात डाव्या बाजूनं हळूहळू पुढं आणला. हॉस्पिटलमधे त्यांना असंच करायचे. हात कानापाशी आला. गालापाशी आला. मोनिका सागाकडं बघत उभी. "आणा ना हात." मला तिथून हात स्पष्ट दिसत होता, तिच्यापासून वीतभर.

मग दुसरा डोळा. तिकडून लगेच म्हणाली, "दिसला."

पुन्हा डावा. पुन्हा तसंच. मोनिका वळली तेव्हा हसत नव्हती.

हे खाली दगडावर बसले. "मी दोन वर्षं असाच धडकत व्हतो. दार, स्टूल, माणसं. कळलं नाय. हिला वाटायचं, माझं ध्यान नसतंय."

मलाच वाटायचं. मीच म्हणायचे. आणि गेले चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर पोरगी धडकत होती, मी तिच्या फोनला नावं ठेवत होते. धडधाकट डोळे माझे!

परत येताना वळणं कशी गेली, आठवत नाही. हात आपोआप चालत होते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मोनिकानं रजा वाढवली. डॉक्टरांची शुक्रवारची वेळ मिळाली.

हे जेवले नाहीत. दुपारी म्हणाले, "माझंच दिलंय तिला."

म्हटलं, नाकही तुमचंच दिलंय. ते नाही का कधी बोललात? चांगलंच दिसतं तिला.

थोडं हसले. मग दोन घास खाल्ले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काचबिंदूच आहे. डाव्या डोळ्याचं बाजूचं थोडं गेलंय, ते येणार नाही. बाकी सगळं टिकवता येईल. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर सहसा कुणी येतच नाही, कुणाच्या लक्षात आलं? मोनिका म्हणाली, "पप्पांना दिसलं."

घरी येताना हे पुढं बसले नाहीत. मागं तिच्याजवळ बसले. रस्ताभर मला ना वळण सांगितलं, ना हॉर्न.