न्यायला कुणी यायचं?

१७ ऑगस्ट, कोयनानगर
पंचमीही होऊन गेली. नव्या सुनेनं आषाढात सासूचं तोंड बघायचं नाही, म्हणून महिन्यापुरती माहेरी आले ती अजून इथेच. सांगलीहून कुणी न्यायला येत नाही. आई रोज विचारते, भांडलीस का गं? नाही. निदान मला तरी तसं माहीत नाही.

२१ ऑगस्ट
कॉलनीच्या क्लबात परदेशी सिनेमा. एक माणूस विमानतळावर अडकलेला, कुठलाच देश त्याला आपला म्हणेना. हा म्हणतो तिकडे जा, तो म्हणतो आलास तिकडेच जा. गडी तिथेच दाढी करतो, कपडे वाळत घालतो. सगळे खो खो हसत होते, मीही. मग एकदम रडूच फुटलं. कशाचं ते कळेना. शेवटाआधी लाइट गेली. धरणाच्या पायथ्याशी राहून!

२६ ऑगस्ट
शेजारच्या काकूंकडे ह्यांचा फोन. आप्पांनीच घेतला. सांगलीकरांचं म्हणणं, मुलगी माहेरच्यांनी आणून सोडायची, त्यांच्यात तशीच पद्धत. आमच्यात सासरचे नेतात. म्हणजे ते तिकडे वाट बघतायत आणि आम्ही इकडे. सासूबाई रुसल्यात म्हणे. आप्पा फोन ठेवून म्हणाले, “आमी आपनहून सोडली तर पोरगी जड झाली म्हणत्याल.”
मला फोन दिलाच नाही.

३० ऑगस्ट
एकटी जाते म्हटलं, एस.टी. आहे की. आई कपाळाला हात लावून बसली. पहिल्या वर्षी एकटी सासरी गेलेली सून तिनं पाहिलेली नाही.
पण मला जायचंय का? ह्यांचा चेहरा आठवायला गेलं की लग्नाच्या फोटोतलाच येतो. माणूस चांगला आहे. कमी बोलतो, सायकल फार पुसतो. तिथं करमत नव्हतं, आता इथंही करमत नाही. राग येतोय, कुणाचा ते सापडत नाही.

२ सप्टें.
तोडगा निघाला. कराड स्टँड! आप्पा तिथवर नेणार, हे तिथवर येणार. गौरीचा पहिला ववसा, नव्या सुनेचं सुपातलं वाण, सासरीच घ्यायला हवा, नाहीतर जन्मभर ऐकावं लागेल. आप्पा एकदम खुशीत. मी ट्रंक भरली, उपसली, परत भरली.

५ सप्टें., कराड स्टँड
हे आले, सोबत त्यांचे चुलते. चुलते आणि आप्पा लगेच चहाला गेले, दोघांचंही नाक वर. मधे ट्रंक, बाकड्याच्या त्या टोकाला हे. ट्रंकेवरची धूळ रुमालानं पुसत म्हणाले, “तुला यायचं हाय का? सगळ्यांनी ठरवलं, तुला कुनी इचारलंच न्हाई.”
हो म्हणायला तोंड उघडलं आणि नजर आप्पांनाच शोधायला लागली. लाज वाटली मला. सांगलीची गाडी लागली, सुटलीही. हे उठले नाहीत. म्हणाले, अजून गाड्या हायत.
म्हणून ही वही काढून बसलेय. हे मुद्दाम दुसरीकडे बघतायत. आप्पा टपरीतून निघाले. ते इथे पोचायच्या आत ह्यांना माझं मला सांगायला हवं.