चौकटीवरची धूळ

पाडव्याची आदली संध्याकाळ, आर. के. पुरम, दिल्ली

आठ दिवस घर घासतोय. पंखे, कूलर, फ्रिजमागची भिंत, सगळं झालं. दुपारी ऐटीत म्हणालो, "आता उद्या फक्त तोरण!" तर आमची लेक मुक्ता स्टुलावर चढली, दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्यापुढे धरलं. "बाबा, तोरण इथे बांधणार?"

तिची आई कुठली सोडतेय! "देवघर रोज पुसतात, आणि देव ज्या दारातून यायचा त्याच्या डोक्यावर धूळ."

खिळ्यांवर बारा वर्षांच्या तोरणांच्या गाठी तशाच. वाळलं की मी कात्रीने कापायचो. इतके पाडवे धुळीवरच? दिसलं कसं नाही मला?

लाज वाटली. पण ते काळं बोट डोळ्यांपुढून जात नाही. गावच्या शाळेत गुरुजी फळ्याच्या वरच्या कडेवर असंच बोट फिरवायचे. मी मुक्ताच्या टेबलावर तसंच फिरवत आलो. आज ते माझ्याकडे परत आलं, आणि ऊर भरून आला.

मुक्ताने गाठी एकेक करून सोडवल्या, कात्री मागितली नाही. मग चौकट ओल्या फडक्याने दोनदा पुसली.

उद्या तोरण तीच बांधेल. मी स्टूल धरेन.