गाडीच्या पोटातली काळी सायकल

११ ऑक्टो., ॲथलोन, आयर्लंड
मृणाल, लिही. तुझ्या नवऱ्याने आज सकाळपासून तीन सायकली त्या गाडीच्या पोटात घातल्या आणि काढल्या, घातल्या आणि काढल्या. गॅरेजात गाडी ठेवतात एवढं मला माहीत होतं. इथं गाडीच गॅरेज पोटात घेऊन हिंडते. आत चूल, मोरी, मागे पलंग, आणि पलंगाखाली हे कोठार. त्याला बाहेरून कडेला दार. रवी मोजपट्टी गळ्यात घालून शिंप्यासारखा फिरत होता. म्हटलं, "गाडी हिंडायला घेतलीस की भरायला?" तर म्हणतो, "आई, प्लॅनिंग असतं."
संध्याकाळी बसल्या एकदाच्या. त्याची, तुझी नवी, ईराची. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. अबोला धरलेल्या जावा.
काळी शेडमध्येच. तिचं कोणी नाव काढलं नाही.

१२ ऑक्टो.
काळीचं लिहून ठेव, नाहीतर ईराला पुढे कोण सांगणार. ती शेजारच्या शॉनबाबांच्या बायकोची. बाई गेली, सायकल भिंतीला टेकून राहिली. उन्हाळ्यात मी तिच्यावरून हात फिरवत उभी होते, म्हातारा खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी आणून रवीच्या हातात दिली. उंच, सरळ हँडल, सळईचे ब्रेक, मागे कॅरिअर. थेट ह्यांच्या सायकलीची बहीण.
हे बार्शीला नगरपालिकेत पाणी सोडायला होते. दांडीला पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी बांधलेली, मागे मी. निघताना मागे न बघता विचारायचे, "बसलीस का?" मी अशी काडी, बसले तरी त्यांना कळायचं नाही. एकदा मी पदर खोचत होते, हे निघाले की. पार जकात नाक्यापर्यंत माझ्याशी बोलत गेले. परत आले ते माझ्यावरच तापले. "हो म्हणालीस ना!" हो कोण म्हणालं होतं ते त्यांनाच ठाऊक.
खोली एकच. रात्री सायकल आत, माझ्या उशाशी. चाक हलकं फिरलं की कट्‌कट्‌ वाजायचं. त्याशिवाय झोप यायची नाही.
हे गेल्यावर मी बहिणीकडे गेले आणि रवीने घर आवरलं. सायकल भंगारात. त्याचं त्यालाच लागलंय, म्हणून तर ही काळी एवढी घासतो.
(हे लिहू का विचारलं. "लिही, त्याला वाचता येतं." – मृ.)

१५ ऑक्टो.
आज हट्ट केला. सुट्टीत समुद्रावर जायचंय, तिथं काळी न्यायची आणि मला मागे बसवून एक फेरी मारायची. बास, दुसरं काही नको.
रवीने घालून बघितली. हँडल दाराच्या वर जातं. वाकडं केलं तरी बाकीच्या तिघी सरकत नाहीत. "आई, पुढच्या वेळी नक्की."
"पुढच्या वेळी मी बार्शीत असेन रे."
नोव्हेंबरात माझं विमान. हे गुडघे पुन्हा एवढ्या लांब यायचे नाहीत, हे त्याला कळतं, मला कळतं. मोजपट्टी गुंडाळत राहिला.
ईरा म्हणाली, "आजी, यू कॅन सिट ऑन माइन. इट्स ग्रँड." हिच्या सायकलीला मागे नुसतं बोटभर मडगार्ड. त्यावर चिमणी बसेल, मी नाही.

१९ ऑक्टो., खंडेनवमी
घरात मी एकटी. हे या दिवशी सायकल, चावी, पान्हे, सगळं ओळीने मांडायचे, पुसायचे, तेल द्यायचे. तेल न देता फूल वाहिलं तर म्हणायचे, उपाशी पाहुण्याला हार घालतेस होय.
म्हणून मीही केलं. गाडीच्या पोटाचं दार उघडलं. खोबरेल थंडीने दगड झालेलं, ते रेडिएटरवर ठेवून पातळ केलं. तिन्ही सायकलींना चोळलं. साखळी, दांडे, चाकातल्या त्या चकचकीत ताटल्या. ताटल्यांना जरा जास्तच, फार कोरड्या वाटल्या. झेंडू नाही मिळाला. दुकानातली पिवळी शेवंती वाहिली. मग शेडमध्ये जाऊन काळीला.
फार बरं वाटलं.

२० ऑक्टो., दसरा
रवी ऑफिसातून आला, गाडीच्या पोटाचं दार उघडून ओरडला, "किती चमकतायत!" आणि आपली सायकल काढून उतारावर गेला. उतारावरून जो गेला तो शॉनबाबांच्या कुंपणाच्या झुडपातच थांबला. म्हातारा चहाचा कप घेऊन बाहेर. "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड." इथं 'काही झालं नाही'ला ग्रँड म्हणतात. ग्रँड कसला, कोपर सोलवटलं.
घरात येऊन, "आई! डिस्कला तेल?"
मला काय माहीत त्या ताटल्यांनी ब्रेक लागतो. आमच्या वेळी ताटलीत जेवायचे.
सगळ्यांना पुरणपोळी वाढली. रागात तीन खाल्ल्या त्याने.

२१ ऑक्टो.
दुकानदार म्हणाला, ब्रेकच्या आतले गुटके बदलावे लागतील, सुट्टीनंतर या. म्हणजे रवीची आणि तुझी, दोन्ही घरी. ईराच्या सायकलीला ताटली नाही, ती वाचली.
तुझी नवी सायकल, वाईट वाटणारच. संध्याकाळी भांडी पुसताना हळूच म्हणालीस, "आई, खरं सांगा. मुद्दाम?"
म्हटलं, "मला अक्षर येत नाही, डिस्क कुठली येणार?"
"हे उत्तर नाही झालं, आई."
"मग नको लिहूस."
(लिहिलं. – मृ.)

२२ ऑक्टो.
दोन मोठ्या सायकली शेडमध्ये. काळीचं हँडल रवीने सैल करून आडवं केलं, आडवं करून आत सरकवलं. गेली. दाराला अगदी चिकटून, पण गेली. घासू नये म्हणून मी माझी चौघडी दिली, तू जुनी ओढणी फाडून पट्ट्या केल्यास. बांधताना रवी एकदम थांबला. "बाबा चावी अशीच बांधायचे, ना?"
मी म्हटलं, "ते घट्ट बांधायचे."

२४ ऑक्टो., समुद्राकाठी, एनिसच्या पुढे
पोचलो. वारा असा की पदर माझा आणि फडफड त्याची. दुपारी जरा आडवी झाले त्या मागच्या पलंगावर. बाहेर तुम्ही दोघं भांडत होता, वारा थांबेल की नाही. गाडी वाऱ्याने हलायची आणि बरोबर माझ्या पाठीखाली, फळीच्या पलीकडे, कट्‌कट्‌.
पडून राहिले. डोळे उघडले नाहीत.

२५ ऑक्टो.
वारा थोडा कमी. रवीने काळी बाहेर काढली, हँडल सरळ केलं, कॅरिअरवर उशी बांधली. ईरा पुढे जाऊन उभी, मोबाइल घेऊन. मी गाडीच्या पायरीवर, तू शेजारी लिहितेयस.
रवी म्हणतो, समोरून वारा आला तर अर्ध्यातून परत फिरू. मी म्हटलं, आधी निघ तर.
धरलं मला दोघांनी. बसवलं. पाय लोंबकळतायत, कॅरिअर गार आहे, उशी असली तरी. रवीची पाठ दिसते फक्त. ह्यांच्यापेक्षा रुंद.
मागे न बघता विचारतो, "आई, बसलीस का?"
थांब, मृणाल. एवढ्यात सांगत नाही मी. अजून एकदा विचारू दे.