दबावाचा लेखी पुरावा एकदाचा सादर करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
बाह्य दबाव प्रतिकार साहाय्य निधी,
बेल्मोपान.

विषय : दबावाचा लेखी पुरावा मिळाल्याबाबत, व येत्या सोमवारच्या आत निर्णय होण्याबाबत.
संदर्भ : आमचे पूर्वीचे तीन अर्ज व आपली तीन नकारपत्रे.

महोदय,

मी खाली सही करणारा, सेवेरियानो आव्हिलेझ, रुफिना बाइट येथील शेवंड पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चिटणीस. माझ्यासह सभासद एकसष्ट. हा चौथा अर्ज आहे. आधीचे तीन आपल्या फायलीत असतीलच. नसल्यास माझ्याकडे नकला आहेत, फक्त कार्बन पुसट उठला आहे.

१. आमची जिवंत शेवंडे चौदा वर्षे 'संबंधित राष्ट्रा'त जात होती. आपल्या परिपत्रकाप्रमाणे त्या देशाचे नाव लिहायचे नाही, म्हणून लिहीत नाही. गावात ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नोव्हेंबरात संबंधित राष्ट्राने मागणी करूनही आपल्या सरकारने मित्रराष्ट्राची (त्याचेही नाव लिहायचे नाही) वकिलात बंद करायला नकार दिला आणि आठव्या दिवशी संबंधित राष्ट्राच्या बंदरातून निरोप आला की आमच्या शेवंडांना रोग आहे. तीच शेवंडे आम्ही नारळाच्या रश्शात शिजवून, हुदुतबरोबर, म्हणजे कुटलेल्या केळ्याच्या गोळ्याबरोबर, खाल्ली. कोणी आजारी पडले नाही. बाकीची तेव्हापासून समुद्रातल्या पिंजऱ्यांत पडून आहेत. दाटीत ती एकमेकांचे पाय तोडतात आणि रोज सकाळी आम्ही मेलेली बाहेर काढतो. अशा लोकांसाठीच परदेशी मदतीतून आपला निधी निघाला आहे, असे रेडिओवर ऐकून अर्ज केला.

२. आपल्या पाहणी अधिकारी बाई आल्या. बाई भल्या होत्या, उन्हात हिंडल्या. परंतु त्यांनी प्रश्न विचारले ते किनाऱ्यावर, होड्यांच्या शेजारी उभे राहून. आमच्याकडे होडीच्या समोर 'नाही', 'कमी', 'वाईट' हे शब्द कोणी उच्चारत नाही. होडी ऐकते, समुद्राला सांगते आणि पुढचा फेरा रिकामा येतो. त्यामुळे बाईंना एकामागून एक साऱ्यांनी 'सगळं भरपूर आहे' असेच सांगितले. मीही तेच सांगितले. आमचे सर्वांत वयस्कर सभासद तेओफिलोकाका तर म्हणाले, "बाई, इतकं भरपूर आहे की पिंजरे भरून वाहतायत." हे वाक्य अक्षरशः खरे होते, पण आपल्या तक्त्यात ते 'समाधानकारक' या रकान्यात गेले आणि पहिला नकार आला. मी काकांवर चिडलो, तेव्हा ते म्हणाले, "होड्या कान देऊन बसल्या होत्या, मी काय बोलणार होतो? चिटणीस तू आहेस. तिला चर्चमध्ये नेऊन बसवायचं सुचलं नाही तुला?" चूक माझीच होती, हे मान्य करतो.

३. दुसऱ्या वेळी आपण कळवले की दबाव टाकणाऱ्याने दबाव टाकत असल्याचे लेखी द्यावे. आम्ही शेजारच्या देशातल्या त्यांच्या वकिलातीला तसे विनंतीपत्र लिहिले. उत्तर फार चांगल्या कागदावर आले. वकिलात कोणावरही दबाव टाकत नाही, तिला फक्त शेवंडांच्या प्रकृतीची काळजी वाटते, असे त्यात होते. सोबत एक कॅलेंडर होते. ते पत्र जोडल्यावर आपण 'संबंध सौहार्दाचे दिसतात' असा शेरा मारला.

४. त्यानंतर आपल्या कचेरीतून फोनवर सुचवण्यात आले की संबंधित राष्ट्राच्या कोणाही नागरिकाची धमकी चालेल. गावात असे एकच आहेत, श्री. क्वान, किराणा दुकानवाले. आम्ही तिघे जण त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "मी धमकी देऊ? तुम्हाला? अहो, उद्यापासून तुमच्या बायका दुकानाची पायरी चढतील का? आणि माझी पोरगी तुमच्याच पोरींबरोबर ढोलावर नाचते, तिला काय सांगू?" तरीही शेजारधर्म म्हणून त्यांनी एका पुठ्ठ्यावर लिहून दिले : 'माल लवकर विका, नाहीतर मरेल.' हा सल्ला आहे, धमकी नव्हे, असे आपण तिसऱ्या पत्रात कळवले. ते बरोबरच आहे.

५. गेल्या बुधवारी संबंधित राष्ट्रातल्या आमच्या खरेदीदाराचा माणूस लाँचने आला. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणे मऊ. त्याने एक टाइप केलेले पत्र टेबलावर ठेवले. ते आमच्याकडून आपल्या पंतप्रधानांना होते : मित्रराष्ट्राशी संबंध तोडावेत, ही सर्व कोळ्यांची इच्छा आहे. खाली सह्यांसाठी एकसष्ट ओळी आखलेल्या होत्या. "हे गेलं की तुमच्या शेवंडांची तपासणी आठवड्यात पुरी होईल," असे तो म्हणाला. जोडपत्र म्हणून त्याने तेही वाक्य स्वतःच्या सहीनिशी लिहून दिले. मी मागताच दिले, त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

तरी आपणांस हवा होता तो लेखी पुरावा आता हाती आला आहे. अडचण एवढीच की पंतप्रधानांच्या पत्रावर आम्ही सह्या केल्या आहेत. गुरुवारी सभा झाली. कोणी भांडले नाही, भांडण्याइतका जीव कोणात उरलेला नाही. तेओफिलोकाकांनी सही केली आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत तुझ्याकडेच ठेव रे. बेल्मोपानचं काही बरं आलं तर फाडून टाक. कोणाला विचारत बसू नकोस."

६. मित्रराष्ट्राने आमच्यासाठी डोंगर उचलला असे नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचे डॉक्टर आले, शाळेच्या दोन खोल्यांत राहिले आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढून गेले. त्यांत माझी आई होती. शेवटची सही माझी, ती मी घरी केली. आई समोर कसाव्याचे कंद किसत होती. "काय लिहितोस?" म्हणाली. मी म्हणालो, "संस्थेचं काम." तिने हात पुसले, चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मग तो माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा किसायला बसली. मला लाज वाटते, हे अर्जात लिहावे की नाही, मला कळत नाही.

मूळ पत्र सोमवारी सकाळी नऊच्या लाँचने जायचे आहे. त्याआधी आपला होकार यावा. पत्र पाठवू नका, वेळ नाही. श्री. क्वान यांच्या दुकानात फोन आहे आणि रविवारी मी दिवसभर तिथेच बसणार आहे.

आपल्या फोनची वाट पाहणारा,
सेवेरियानो आव्हिलेझ
चिटणीस

रुफिना बाइट, शुक्रवार, २० फेब्रुवारी

सोबत :
१) खरेदीदाराच्या माणसाचे जोडपत्र, त्याच्या सहीनिशी.
२) पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्राची नक्कल. सह्या साठ. एकसष्टाव्या ओळीवर सही होती, ती आज सकाळी कोणीतरी किसलेल्या कसाव्याच्या ओल्या हाताने पुसली आहे. मूळ पत्रावरही तसेच झाले आहे. मी ती पुन्हा केलेली नाही.