जागेवर न राहिलेलं तबीता बेट

प्रिय आणि (भीत भीत लिहितो) आदरणीय तबीताताई,

एनोकचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आणि माझ्या डोक्यात टपल्या मारणारा हात? शेगडीजवळची माझी खुर्ची कशी आहे? इकडे कुत्री मजेत आहेत, मी मजेत आहे आणि तुझं बेटही मजेत आहे. फक्त ते जागेवर नाही.

रागावू नकोस, सगळं सांगतो. गेल्या वसंतात नकाशेवाल्या मोर्टेनला (डेन्मार्कचा, गुणी पोरगा, पण हातमोजे सारखे हरवतो) मी कुत्र्यांच्या गाडीवरून उत्तरेला नेलं. शेवटच्या भूशिरापलीकडे गोठलेल्या समुद्रात चिखलगोट्यांचा एक ठेंगणा उंचवटा दिसला. वर चढलो, कॉफी केली, सुका मासा खाल्ला. मोर्टेन म्हणाला, हे बेट नकाशात नाहीच, नाव सुचवा. आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, जिवंत बाईचं नाव जमिनीला कुणी देत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तुझी सत्तरी जवळ आलेली आणि माझ्याकडे भेट नव्हती. तूही आधी ‘मी मेले का रे?’ म्हणून कळवलंस आणि मग गावभर सांगत सुटलीस. वर मला बजावलंस, बेट नकाशात दिसलं नाही तर वाढदिवसाच्या कॉफीला तोंड दाखवू नकोस.

या उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर आम्ही होडीनं गेलो. जागेवर नुसतं पाणी. मोर्टेन जागा दाखवणाऱ्या यंत्राला बोल लावतोय, मी मोर्टेनला. शेवटी तबीता सापडली बरीच दक्षिणेला, प्रवाहाबरोबर निवांत चाललेली. अंगावर तेच गोटे आणि (माफ कर) खाली नुसता बर्फ. हिमनदीचा तुटका तुकडा होता तो, पाठीवर डोंगराची माती घेऊन निघालेला. आता आठवतं, त्या दिवशी कुत्री माती उकरून खाली काहीतरी चाटत होती आणि मी त्यांना हावरट म्हणत होतो. आमच्या डोळ्यांदेखत तिनं कूस बदलली, सगळे गोटे समुद्रात टाकले आणि पांढरीशुभ्र होऊन पुढे गेली. आम्ही इतके हसलो की मोर्टेनचा उरलेला हातमोजाही पाण्यात गेला.

तुझा धाकटा,
एनोक

ता.क. मोर्टेनला आता एक पक्का खडक मिळालाय. मी कुऱ्हाडीनं ठोकून पाहिला. तिथल्या पाखरांना कुणी आलेलं खपत नाही, थेट डोक्यावर चोची मारतात. म्हणून आपले लोक त्याला पूर्वीपासून ‘डोकं सांभाळा’ म्हणतात. मोर्टेन विचारत होता, तबीता ठेवू का? मी म्हटलं, ठेव, सूचना तीच राहील.

ता.क. २. हे पत्र टपालानं आलेलं नाही, मीच दाराखालून सरकवलंय. हसलीस तर मला बाहेर ऐकू येईल. मग दार उघड. टोपी घालूनच उभा आहे.